सव्वा महिन्याच्या आत

जवाहरनगर,
१९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई,

चंदाचा पाया पडून नमस्कार. बपेऱ्याला धानाचे रोवणे आटोपल्याचे कळले. बाबांचा गुडघा कसा आहे? इकडे रिता मजेत आहे. आता भात स्वतःच्या हाताने कालवून खाते, कोणी भरवलेले तिला चालत नाही.

हे पत्र मनिष भाऊजी तुम्हाला वाचून दाखवतील. फोनवर मी डोळ्यांचा विषय काढला की तुम्ही फोन ठेवता, आणि तोंडाने सांगायची त्यांची छाती होत नाही. भाऊजी, मधल्या ओळी गाळायच्या नाहीत.

परवा तुम्ही नाकाडोंगरीला तेरवीला गेला होतात. तुमच्या धाकट्या सुनेला, डिंपलला, ताप आला म्हणून भाऊजींनी तिला बाळासकट भंडाऱ्याला नेले आणि मग ती माझ्याकडे थांबली, असे तुम्हाला सांगितले आहे. ती बरी आहे. जेवते, झोपते, बाळाला पाजते.

रिताही डिंपलच्या बाळासारखीच साडेसातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत राहिली. घरी आणल्यावर तुम्ही तिला दिवसरात्र उराशी धरून ठेवले. ती जगली ती तुमच्यामुळे, हे मी कोणासमोरही सांगेन. पण सुटी देताना नर्सबाईंनी तुमच्यासमोरच बजावले होते, की महिना भरायच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते मला पाठ आहे.

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबऱ्याबाहेर जात नाही. अन् डोये त टकटक उघडेच हायत पोरीचे, तपासाचं काय हाय त्याच्यात?"

सव्वा महिना पाळला गेला. पुढे पोरगी दिव्याकडे बघेना, तर तुम्ही म्हणालात, लाजते. नागपूरला नेले तेव्हा दोन्ही डोळ्यांचा पडदा सुटलेला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतल्या रक्ताच्या नसा पुऱ्या झालेल्या नसतात. बाहेर आल्यावर त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून काढतात. वेळेत लेझर केला तर बहुतेकदा थांबते. झाले ते एवढेच. आणि तुम्ही पाच वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगत आलात, की मोठीने पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही, गिऱ्हानात भाजी चिरली. मी चिरली नव्हती, आई. आणि चिरली असती तरी रिताचे डोळे त्याने गेले नसते.

आता डिंपलचे. तिलाही नर्सबाईंनी तेच सांगितले, आणि घरी आल्यावर तुम्ही तिलाही तेच. तिने लपून मला फोन केला. "ताई, आई दारातच बसून राहिल्या, मी निघू कशी?"

मी म्हटले, ताप आला म्हण.

तिला ताप नव्हता. कधीच नव्हता. पण ताप म्हटल्यावर तुम्ही एका शब्दाने अडवले नाही. उलट फोनवर भाऊजींना म्हणालात, उशीर कायले केला. तापासाठी उंबरा मोकळा होतो आणि डोळ्यांसाठी होत नाही, हे कोणत्या देवाने ठरवले, ते मला एकदा सांगा.

काल नागपूरला बाळाला तपासले. दोन्ही डोळ्यांत सुरुवात झाली आहे. उद्या सकाळी लेझर आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत आलात, आशा आहे. खात्री त्यांनी दिली नाही. रिताचे बाबा रजा टाकून सोबत येत आहेत. भाऊजी फक्त कपडे न्यायला आले आहेत, त्यांना भांडणात अडकवून ठेवू नका.

तुम्हाला यायचे असेल तर जरूर या. बाळाला परत न्यायला मात्र येऊ नका, मी देणार नाही. बाळंतीण बाहेर पडली म्हणून गावात कोणी बोलले, तर मोठीने नेली म्हणून सांगा. पण डिंपलला उद्या गिऱ्हानाचे काही बोललात, तर मी बपेऱ्याला येऊन आपल्या अंगणात, सगळ्या बायकांसमोर, रिताचे पहिल्यापासून सांगेन. आजवर तुमच्या मानासाठी गप्प होते.

मोठ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहायचा, पण आपल्या घरात लहान दोनच. एकीची नजर गेली. दुसऱ्याचे उद्या ठरते आहे.

तुमची सून,
चंदा