पिवळा पतंग, भुरा पतंग

जवाहरनगर, २ सप्टेंबर १९७८
रुखमिणी सिहोऱ्याला माहेरी जाऊन महिना झाला. विश्रांतीसाठी. ट्रंक नेली, पण बायका सामान जास्तच नेतात. जाताना म्हणाली, तुमी बोलत राहा, मी आयकून आयकून थकली. थकव्यावर माहेर उत्तम.
क्वार्टर शांत. आजपासून जिल्ह्यातल्या टसर रेशमाच्या कोशातून निघणाऱ्या पतंगांचे शास्त्रीय वर्गीकरण. तज्ज्ञ म्हणवणारे आळशी आहेत!

४ सप्टेंबर
जाती दोन. पिवळा मोठा, भुरा लहान. पिवळ्याला रुखमिणीचे नाव देणार. गणपतीच्या व्याख्यानात जाहीर करीन, ती पहिल्या रांगेत असेल. तिचा भाऊ भैय्यालाल इथेच फॅक्टरीत आहे. त्याच्याबरोबर निरोप धाडला. पाहू भाऊजी, म्हणाला. म्हणजे येणार.

८ सप्टेंबर
प्रसार: पिवळा ऐनाच्या झाडावर बसून असतो, भुरा लांबून उडत येतो. अर्थात पिवळा स्थानिक, भुरा परप्रांतीय. नकाशा तयार. जातींची सरमिसळ नको म्हणून डबे वेगळे.
पाला दिला. दोघेही खात नाहीत. हट्ट! रुखमिणीही रुसली की जेवत नसे. मी तास-तासभर समजावीत असे.

१२ सप्टेंबर
दोन तास बोललो. पिवळा आणि भुरा यांचे एकमेकांशी काडीचे नाते नाही, हे सिद्ध केले. टाळ्या. रुखमिणी आली होती! मागे उभी. नाव जाहीर करताच बायकांत हशा. आनंदाचा असावा. नंतर दिसली नाही. गर्दी फार.

१३ सप्टेंबर
भैय्यालाल आला. म्हणाला, भाऊजी, पिवळी मादी होय, भुरा नर होय, एका घरचेच होत. त्याईले तोंडच नसते, खातीन काय? चार दिवस जोडी जमवाची न् मराचे. रुखमिणीबाई हेच सांगाले आली होती, ट्रंक घेऊन. तुमचं संपतच नव्हतं. तुमसर-सिहोऱ्याची शेवटची एसटी निघून जाईन म्हणून गेली.
ट्रंक घेऊन.
डबे उघडले. पिवळी मेली होती. भुरा पंख आपटत होता. खिडकीत ठेवला. उडाला नाही.
उद्या सिहोरा. मुद्दे काढले, फाडले. मनापासून बोलायचे.

१४ सप्टेंबर
रुखमिणीनेच दार उघडले. काहून आले जी, म्हणाली.
का आलो ते सांगायला तोंड उघडले. ‘बंधू-भगिनींनो’ सोडून काही आठवेना. ती बराच वेळ उभी राहिली, ऐकायला. मग दार हळूच लोटले.
परतीची एसटी वेळेवर होती.