सुप्यातल्या चार खोल्या

नगर, ७ जानेवारी १९९७

ती. ताईस सविनय जय भीम, वि. वि.

ताई, पत्र पूर्ण वाच, मग रागाव. सुप्याला एमआयडीसीजवळ एक गुंठा मिळतोय. चार पत्र्याच्या खोल्या बांधायच्या आणि कामगारांना भाड्याने द्यायच्या. मी सगळं कॅल्क्युलेट केलंय. तुझ्या पतपेढीचं लोन काढलं तर महिन्याचा हप्ता सोळाशे, चारही खोल्यांचं भाडं दोन हजार. एखादी खोली दोन महिने रिकामी राहिली, पत्रे गळले, तेही धरलंय. फाटकावर बाबांचं नाव लावू! मला इंग्लिश मीडियमला घातल्याचा काहीतरी फायदा होऊ दे की.

बाबांना जय भीम. भारतीला म्हणावं, मामा श्रीमंत होतोय.

तुझा लाडका (असं मीच म्हणतो),
योगेश


घोडेगाव, १५ जानेवारी

चि. योगेश यास जय भीम व आशीर्वाद.

श्रीमंत मामा, तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, जल्मभर दुसऱ्याला भाडं भरलं, आता आपल्याला कुनी भरंल, लई बरं वाटंल. लगेच चार घरी सांगूनही आले. मग मी नाही कशी म्हणू? अर्ज दिलाय. दवाखान्यातली शमशाद सिस्टर जामीन राहतेय. पण हप्ता दरमहा मलाच पगारातून भरायचाय. खोल्या रिकाम्या राहिल्या तर लेकीची फी मी कुठून भरू, एवढं ध्यानात ठेव.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई, जयमाला


सुपा, २० जून

ती. ताईस सविनय जय भीम.

खोल्या भरल्या, पण आनंद कसा लिहू कळत नाही. एप्रिल-मेमध्ये वीसेक जण बघून गेले. सगळं आवडायचं. मग मालक कोण विचारायचे. साळवे म्हटलं की विचारायचे, कुठले साळवे. मला वाटायचं गाव विचारतायत. मी घोडेगावचे म्हणून सांगायचो. मग घरी विचारून कळवतो म्हणायचे, ते गेलेच. ताई, हे मी कशातच धरलं नव्हतं.

शेवटी इथले एजंट सूर्यभान म्हणाले, मालक म्हणून माझं नाव सांग. आठवड्यात चारही भरल्या. पाटीही त्यांच्याच नावाची लागली. मी त्यांचा वसुलीचा माणूस. पहिल्या खोलीतल्या केशरबाई मला चहा देतात आणि मोरी तुंबलीय, मालकांना सांगा म्हणतात. मी हो म्हणतो.

बाबांना खोल्या बघायची घाई झालीय म्हणे. पाटी बदलली तर खोल्या रिकाम्या होतील, नाही बदलली तर त्यांना काय दाखवू? मी पुरता अडकलोय.

तुझाच, योगेश


घोडेगाव, २७ जून

चि. योगेश यास जय भीम.

नर्सिंगला असताना खोली शोधत होते, तेव्हा कुठले साळवे, हे मला नगरात सात घरी विचारलं होतं. तुला कधी सांगितलं नाही. तुझी शाळा वेगळी, मित्र वेगळे. आमचंच चुकलं.

पाटी उपटून फेक, असं लिहायला बसले होते. पण हप्ता थकला तर शमशादच्याही पगाराला हात लागेल. राहू दे पाटी.

बाबांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, फुडं एखादी रिकामी व्हईल म्हनून खोली बघाया आलेलं गिऱ्हाईक, असं आपन जाऊ. पण आडनाव विचारलं तर खरं सांगनार, हे मला तीनदा बजावलंय. रविवारी अकराच्या एस.टी.नं येतो.

तिथं मला ताई म्हणू नकोस. आणि बाबांचं आडनाव ऐकून तिथलं कुणी खोली मिळणार नाही म्हणायच्या आत तूच नाही म्हण. परक्याच्या तोंडून त्यांनी ते पुन्हा ऐकायला नको.

माया आहे तशीच आहे.
जयमाला