माझ्या अंगावरचे नवस

मुरबे, १८ नोव्हेंबर १९८६

ती. गोदूआत्येस मुरब्याहून कमलाकांतचा पायांना हात लावून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, खोकला राहिला का, आणि वाळवणावर बसणाऱ्या कावळ्यांना तू अजून एकेकाला नाव घेऊन शिव्या देतेस का, ते कळव. मी खुशाल आहे. (म्हणजे जिवंत आहे. बाकीचे खाली.)

दिवाळीआधी इंजीन बंद पडून आमची नाव तीन दिवस वाहत गेली, नावेत मी आणि रामा दोघेच होतो, आणि चौथ्या दिवशी उंबरगावच्या नाववाल्यांनी आम्हाला ओढून आणले, हे तुला कळलेच असेल. समुद्राने मला काही केले नाही. जे झाले ते किनाऱ्यावर झाले. ज्याला जो देव ठाऊक होता त्याने त्याला माझ्यासाठी नवस बोलला, आणि फेडायचा मी. नलूने डहाणूच्या महालक्ष्मीला सांगितले, की नवरा परत आला तर चैत्रातल्या यात्रेपर्यंत केसांना, दाढीला कात्री लावणार नाही आणि अनवाणी गड चढेल. आईने जीवदानीला शब्द दिला, की मुलगा वर्षभर मासळी खाणार नाही. (स्वतः खाते. काल माझ्यासमोर बसून बोंबील खाल्ले. बोलणे मुलाबद्दल झाले आहे, तिच्याबद्दल नाही, असे म्हणाली.)

हे घरचे देव. पण आपला आत्माराम बोईसरला कारखान्यात आहे, आणि त्याच्या खात्यात निम्मा देश कामाला आहे. धाकट्या भावाने रडत रडत तिथे सांगितले, आणि माणसे चांगली निघाली. एका तेलुगू फिटरने तिरुपतीला माझे केस कबूल केले. (नलूने वाढवायला लावलेले तेच हे केस.) दवाखान्यातल्या वसईच्या नर्सबाई वांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे मेरीमातेला, जाऊन आल्या, मेणाची नाव मिळाली नाही म्हणून त्यांनी मेणाचे विमान वाहिले. बर्फाच्या ट्रकवरच्या चाचांनी दर्ग्याला चादर बोलली होती, ती मी पोचवली. पीरबाबा माझ्या जेवणाविषयी काही म्हणाले नाहीत, म्हणून तिथे जरा जास्त वेळ बसलो. चिकूच्या वाडीचे म्हातारे इराणीशेठ यांनी अग्नीला चंदन दिले. मला अग्यारीत जाता येत नाही, म्हणून ते स्वतःच देऊन आले. बदल्यात काही नको म्हणाले. फक्त ज्या विस्तवाने तुला परत आणले त्याला उष्टे करू नकोस. म्हणजे बिडी गेली.

पालघरच्या जैन वाण्याने माझ्या एका जिवासाठी अकरा जीव सोडायचे ठरवले होते. जाळ्यातला मासा हातात येईपर्यंत मेलेला असतो, म्हणून खाडीच्या चिखलात बिळे करून राहणाऱ्या अकरा निवट्या जिवंत आणल्या आणि शेठजींसमोर चिखलात सोडल्या. शेठजींनी डोळे मिटून हात जोडले. रामाने डोळे मिटले नव्हते. कोणती निवटी कोणत्या बिळात शिरली ते त्याने पाहून ठेवले, आणि संध्याकाळी त्याच्या घरून रश्श्याचा वास आला. शाळेतले नरहरी गुरुजी म्हणतात, पूर्वी मिसर देशात आणि ग्रीक लोकांतही समुद्रावर गेलेल्यांसाठी असेच नवस बोलत, पण ते देव आता कोणी पुजत नाही. बरे झाले. नलू ऐकत होती.

तिने ठरवून टाकले आहे, की सगळे नवस फिटल्याशिवाय मी नावेला पाय लावायचा नाही. केस आधी महालक्ष्मीला दाखवायचे, मग तिरुपतीला द्यायचे. मी तिला म्हणालो, हे देव एकमेकांना ओळखतही नसतील.

"देव नसतील ओळखत," ती म्हणाली. "पन त्यांची मानसा आपल्या ओट्यावर रडत बसली होती, ती मी बगितली हाय. त्यातल्या कोनाला खोटं पाडू?"

रामा मात्र आठव्या दिवशीच समुद्रावर गेला. रोज ओट्यावरून जाताना विचारतो, "कमळ्या, आज कंच्या देवाची सुटी हाय?" मी तोंड पाडून बसतो. धडधाकट माणसाने घरात बसून दाढी वाढवावी, याहून मोठी शिक्षा नाही, असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

नवापूरच्या सगळ्यांना आठवण सांग.

तुझा,
कमलाकांत

ता. क. तूही त्या तीन दिवसांत काही बोलली होतीस, असे आई म्हणते. काय आणि कोणाला, ते लिही. नलूला यादी पुरी करायची आहे.

पुन्हा ता. क. वरचे सगळे नलू बाजूला बसून वाचत होती. आता ती पाण्याला गेली आहे. आत्या, तिसऱ्या दिवशी मीही एक नवस बोललो. कोणत्या देवाला, ते सांगता येत नाही. त्या वेळी एकाचेही नाव आठवले नाही. किनारा लागला तर पुन्हा नावेवर चढणार नाही, एवढेच म्हणालो. हे इथे कोणाला सांगितलेले नाही. रामा शेजारीच होता, त्यालाही नाही. मुरब्यात मला समुद्राची भीती वाटते असे कोणत्या तोंडाने सांगू? चैत्रात गड होईल, वैशाखात तिरुपती होईल, दिवाळीला आईचे मासळीचे वर्ष भरेल, आणि यादी संपेल. म्हणून तू काही बोलली नसशील तर आता बोल. छोटा नको, निदान बारा वर्षांचा असू दे. उत्तर नलूच्या नावाने पाठव, आणि त्यात नवसाचा दिवस मी वाहत होतो तेव्हाचा घाल.