खोटा ताप

बालाघाट
ता. १२ जानेवारी १९६४

ती. शेवंताबाईस,
धाकटी बहीण पुष्पलता हिचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. बाबांचा खोकला कमी झाला, हे वाचून बरं वाटलं. काढा मात्र बंद करू नका. आठ दिवस राजेगावला ये म्हणतेस, पण सध्या निघता येत नाही. कारण लिहिते.

दिवाळीच्या सुमारास आमच्या मुलांच्या वार्डात आनंदी नावाची सहा वर्षांची पोरगी आली होती. लालबर्र्याकडच्या खेड्यातली. काका भैयालाल घेऊन आला होता. चुलीत पडली म्हणाला. पण पाठीवर तापलेल्या चिमट्याचे डाग होते, एकाशेजारी एक. पडून असे डाग होत नाहीत. डॉक्टरसाहेबांनी पोलिसांना कळवलं. ते काकाला समज देऊन गेले. महिन्यानं जखमा भरल्या आणि मीच तिला न्हाऊ घालून, वेणी घालून काकाच्या हाती दिलं.

परवा ती परत आली. डावा हात मोडलेला. या वेळी बोरीवरून पडली म्हणे. मला पाहून तिनं भिंतीकडं तोंड केलं.

तेव्हापासून जेवण जात नाही. सुया उकळायला ठेवते आणि तिथंच उभी राहते. पाणी आटतं तरी ध्यानात येत नाही. परिचारिका झाले तेव्हा वाटलं होतं, लेकरं बरी करून घरी पाठवायची, हेच आपलं काम. आता घरी पाठवायच्या दिवसाचीच भीती वाटते.

बाबांना जयभीम सांग. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
पुष्पलता


राजेगाव
ता. १६ जानेवारी

चि. पुष्पलतास,
शेवंताचे आशीर्वाद आन् जयभीम.

तुह्यं पत्र बाबाले वाचून दाखवलं. ‘परिचारिका’ ऐकून हासले. म्हने, आपली नर्सबाई आता पुस्तकातलं बोलते. पुढचं ऐकून मंग म्हने, परत वाच.

एक इचारतो. तुनं दोन पानं भरली, पन त्या पोरीच्या मायचं नाव कुठंच नाही. माय मेली काय? जित्ती असन तं ते कुठी हाय? काकाले इचारू नको, पोरीलेच इचार. आन् जेवत जा. तू आजारी पडली तं त्या लेकराइले कोन पाहीन?

जीव लावून राह्यजो.

तुही बाई,
शेवंता


बालाघाट
ता. २१ जानेवारी

ती. बाईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तू विचारलंस आणि मला माझीच लाज वाटली. मागच्या वेळी महिनाभर पट्ट्या बदलल्या, पण हे विचारलं नव्हतं. मी विचारल्यावर आनंदी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, माय बैहरकडं बांस कापाले गेली. मायचं नाव ललिता. बाप वारला आहे. जंगलातल्या झोपड्यांत धाकटा भाऊ तापानं गेला, म्हणून मायनं हिला काकाच्या घरी जपून ठेवलं होतं.

काका दिवसाआड येतो. घरी त्याचं तान्हं लेकरू सांभाळायला कोणी नाही, हिला सोडा म्हणतो. प्लास्टर घरीही राहू शकतं, खाटा कमी आहेत, म्हणून डॉक्टरसाहेबांनी सोमवारी सुट्टी द्यायचं ठरवलं होतं.

बाई, सोमवारी सकाळी मी तिच्या तक्त्यावर शंभर ताप लिहिला. तिला ताप नव्हता. आजही लिहिला. बारा वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. किती दिवस लिहू शकेन, माहीत नाही. भाऊजी बैहरच्या गाडीवर कंडक्टर आहेत. त्यांना ललिताचा शोध घ्यायला सांग.

तुझी,
पुष्पलता


राजेगाव
ता. २५ जानेवारी

चि. पुष्पलतास,
अनेक आशीर्वाद.

माय भेटली. तुह्या भाऊजीनं पयल्या फेरीत लाकडाच्या डेपोवर इचारलं. तिथल्या दुलीचंद मुनीमले नाव ठाऊक होतं. त्यानं जंगलात जानाऱ्या बैलबंडीवाल्याजवळ निरोप देल्ला. दुसऱ्या दिवशी ते बाई कोसभर चालून सडकेवर येऊन उभी होती. पोरगी सुखात हाय, असंच तिले वाटे. यायनं खरं सांगतलं तं रडली नाही. कोनता हात, एवढंच इचारलं.

हे पत्र भेटाच्या आंधी ते तुह्याजवळ पोचली असन.

तुही,
शेवंता


बालाघाट
ता. ८ फेब्रुवारी

ती. बाईस,
सविनय जयभीम. वि. वि.

ललिता आली त्याच दुपारी काकाही आला. डॉक्टरसाहेबांनी त्याला सांगितलं, की माय असताना लेकरू दुसऱ्याच्या हाती देणार नाही. तो बडबडत गेला. बुधवारी आनंदी मायबरोबर बैहरला गेली, मामाच्या घरी. भाऊजींचे उपकार विसरणार नाही.

तापाचं मी डॉक्टरसाहेबांना स्वतःहून सांगितलं. त्यांनी तक्ता काढून खालची आपली सही दाखवली. म्हणाले, “थर्मामीटर मीही लावला होता, नर्सबाई. अठ्ठ्याण्णवच होता.”

सगळ्यांना वाटतं, आता मी ठीक असेन. शुक्रवारी एका चार वर्षांच्या लेकरानं औषधाची वाटी उडवली. एकाच सकाळी तिसऱ्यांदा. माझा हात वर गेला. ते रडलं नाही, ओरडलं नाही. दोन्ही हात डोक्यावर धरले, डोळे मिटले आणि वाट पाहत बसलं. मी हात खाली घेतला तरी ते तसंच बसलेलं.

मी मारलं नाही. पण मारलं असतं. असली माणसं वेगळी असतात, असं मी आजवर समजत होते. हेही डॉक्टरसाहेबांना सांगितलं आणि दोन महिन्यांची रजा मागितली. परत आल्यावर काही दिवस बायकांच्या वार्डात ठेवा म्हटलं. ते हो म्हणाले. मी थकले, बाई. येऊ का?

तुझी,
पुष्पलता


राजेगाव
ता. ११ फेब्रुवारी

चि. पुष्पलतास,
आशीर्वाद.

येऊ का काहून इचारतं? रविवारी हे तुले घ्याले येतीन.

तुह्यं पत्र मी बाबाले वाचून दाखवलं नाही. एकटीनंच वाचलं. सांजच्याले आपल्या भोजराजच्या डोक्याले तेल लावाले हात उचलला, तं त्यानं मान चुकवली. सात वर्साचं माह्यं लेकरू. मी मंग तेलाची वाटी घेऊन तशीच बसली. कामाच्या घाईत त्याले किती खेपा मारलं असन, मले आठवतबी नाही.

हे मी कोनाले सांगतलं नाही. तू ये. आपून दोघी बोलू.

वाट पाहनारी,
शेवंता