निळ्या डोक्यातली ढोलवाली

रविवार, १२ ऑक्टोबर. बोरिवली

"चौथ्या भागात आपला परग्रहवाला बँड नाही गं, कापला," सुरेखा फोनवर म्हणाली होती. आज मिनूला घेऊन सिनेमाचा तो भाग पाहिला. बँड होता. तीच तीन सोंडवाली निळी रबरी डोकी, तुतारीवर सुरेखा आणि ढोलावर माझं डोकं घालून दुसरीच कोणीतरी. डाव्या हाताने वाजवत होती. मी उजव्या हाताने वाजवते. डावखुरी आहे सुरेखाची बहीण.

मागचे तिन्ही भाग मढच्या सेटवरच्या उकाड्यात आम्ही शेजारी बसून काढले. शॉट संपेपर्यंत डोकं काढता यायचं नाही, तेव्हा हीच सुरेखा माझ्या सोंडेतून स्ट्रॉ घालून मला सरबत पाजायची. बहिणीला काम हवं होतं तर सांगायचं ना. मी जागा दिली असती. दिली असती का? माहीत नाही. पण खोटं कशाला बोलली?

थिएटरात मिनू उभी राहून म्हणाली, "ती ढोलवाली माझी आई आहे." पुढची बाई वळून माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. मी हसले.

घरी आल्यापासून मिनू पातेलं उपडं घालून आईसारखं वाजवतेय. डाव्या हाताने.