सहाणेचा आवाज

नाशिक रोड, रविवार

सिंधुताई,

काल फोनवर तुझ्या बोलण्यामागं सहाणेचा आवाज येत होता. विचारलं तर म्हणालीस, "चंदन उगाळतेय रे, पूजेला." अगं, हातमागाच्या आवाजावरून तुटलेला धागा ओळखत मी पैठणीच्या दुकानापर्यंत पोचलोय. चंदन गुळगुळीत फिरतं, सुंठ खरखरते. तुझी अर्धशिशी अजून गेलेली नाही.

येवल्याला माझं कपाळ ठणकायला लागलं की तू हाच सुंठेचा लेप लावायचीस. सूर्य उगवायच्या आत दुधातली जिलेबी, पूर्वेला तोंड करून, मुकाट्यानं. मी हसलो की टपली मारायचीस, "बोललास तर गुण जातो, मेल्या!" जिलेबीच्या वासानंच माझं निम्मं दुखणं पळायचं.

मला अर्धांगाचा झटका आला तो त्याच दुखण्यातून. कपाळ ठणकायच्या आधी डोळ्यांपुढं येणारा नागमोडी उजेड त्या दिवशी थांबेचना आणि डावा हात लुळा पडला. आज चालतो, बोलतो, गिऱ्हाइकांना हसवतो. फक्त त्या हाताच्या दोन बोटांना रेशीम कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "यातून बरेच जण चांगले सावरतात. पण पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या चुकवू नका, ब्लडप्रेशर सांभाळा, तंबाखू बंद."

तो उजेड तुलाही लहानपणापासून दिसतो, ताई. आणि तुझी तंबाखूची मिश्री काही सुटत नाही.

हे पत्र धाडलं तर तू ते देव्हाऱ्यात ठेवून मोकळी होशील. म्हणून उद्या मीच येतोय. आधी डॉक्टर, मग जिलेबी. या वेळी मात्र खाताना भरपूर बोलायचं.

तुझा मेला,
गोरख