हरळीच्या रानात लॉरीचं इंजिन

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १२ एप्रिल १९३६

चि. गुरप्पा यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे आहोत. तुम्ही दोघं आणि बाळ कसे आहात ते कळव. जेऊरला स्टेशनवर तरी पाणी पुरतं का?

तुझं कार्ड येऊन बरेच दिवस झाले. ‘दाजींच्या ट्रॅक्टरचं काय झालं?’ असं तू विचारलंस. लिहायला बसते आणि काही ना काही निमित्त काढून उठते. आता सासूबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्यात, त्या राखायला बसले आहे, म्हणजे उठता येणार नाही.

कुंभारीच्या वाटेवरचं आपलं रान तुला माहीत आहे. हरळी इतकी माजलेली की बैलांचा नांगर नुसता वर खरवडायचा. म्हणून ह्यांनी तो जुना ट्रॅक्टर लिलावात घेतला, पण काळ्या मातीत तो चार कासऱ्यांइतकं अंतर चालला की धापा टाकून बंद पडायचा. लोक बांधावर बसून हसायचे. मग बार्शी रस्त्यावर उलटलेल्या एका लॉरीचं इंजिन ह्यांना मिळालं आणि घरातली झोपच उडाली. जुनं इंजिन तीन वाशांच्या तिवड्याला साखळी लावून उतरवलं. नव्याची भोकं गिअरच्या पेटीशी जुळेनात, म्हणून मधे घालायला जाड लोखंडी पत्रा कापला. मी कंदील धरायची, पाने द्यायची. “गौरा, बारीक पाना,” म्हणायच्या आत तो माझ्या हातात असायचा.

पहिल्या दिवशी काय ओढलं म्हणून सांगू! हरळीच्या मुळ्या गोधडी उसवावी तशा निघत होत्या. बांधावरचं हसू थांबलं. हे मागं वळून मला हात करत होते.

तुला खरं ते लिहायलाच हवं. दुसऱ्या दिवशी नांगर खाली खडकात अडकला. जुनं इंजिन असतं तर बंद पडलं असतं. हे नवं बंद पडेना. मागची चाकं जागच्या जागी रुतली आणि यंत्राचं तोंड वर उठलं, बुजलेल्या घोड्यासारखं. ह्यांनी कडेला उडी टाकली, पण ट्रॅक्टर कलंडून डाव्या पायावर आला. दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

तुला तार केली नाही. तू धावत आला असतास आणि मला माहेरी नेलं असतंस.

हे दवाखान्यात असताना सासूबाईंनी भंगारवाला आणला. सिदूनं, आपल्या गड्यानं, बैल लावून ट्रॅक्टर उभा केला होता, वाकलेला दांडा लोहाराकडून सरळ करून घेतला होता. भंगारवाला चाकावर लाथ मारून म्हणाला, “ह्ये मेलंय की!” मला काय झालं कोण जाणे. मी सिदूला म्हटलं, “हँडल मार.”

“वैनी, तुमी बसणार?”

“मार म्हणते ना!”

गुरप्पा, ह्यांचं बघून बघून क्लच, गिअर मला पाठ झाले होते; मी नुसतं चालवून दाखवायला बसले होते. भंगारवाला निघून गेला, मी नांगराची एक पाळी घातली, ती संपली तशी दुसरी घातली. तोंड उचलू नये म्हणून पुढं जात्याचे जुने दगड साखळीनं बांधले आणि रोज जाऊ लागले. दुपारी दवाखान्यात ह्यांच्या उशाशी बसायचं, आणि पायाचे तळवे तिकडं क्लच शोधायचे. त्यांचा पाय गेला त्याचं दुःख मला आहे, ते तुला सांगायला नको. पण त्या बैठकीवर बसले की मला बरं वाटायचं. लई बरं वाटायचं. ते कुणाला सांगू? अंगारा लावताना वाटायचं, देव हे बघतोय.

ह्यांना मी काही बोलले नव्हते. सासूबाईंनी दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी त्यांनी टांगा रानाकडं वळवायला लावला. मी तेव्हा नांगरत होते. बांधाजवळ टांगा थांबलेला दिसला. इंजिन बंद करून मी पळत गेले, पदर तेलानं काळा. ते माझ्याकडं बघत राहिले. टांगेवाल्याला म्हणाले, “घराकडं घे.”

मग घरात ह्यांचं बोलणं बंद. ताट ठेवलं की जेवायचे, भिंतीकडं तोंड करून पडायचे. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, “नवऱ्याचा पाय खाल्लेलं यंत्र हिला गोड लागतंय.” त्यात निम्मं खरंच होतं. रानात जाणंही सोडलं. हात कशाला लागेना, कणीक मळताना मधेच थांबायची.

परवा कुबड्या घेऊन ते एकटेच बाहेर पडले. मी मागोमाग रानात पोचले तर ट्रॅक्टरमागं मातीत बसलेले, सिदू बाजूला उभा. नांगर अडकवायचा आकडा त्यांनी सोडवला होता आणि पार खाली, मागच्या चाकांच्या दांड्याखाली बसवत होते. हात घामानं सटकत होता.

माझ्याकडं न बघता म्हणाले, “माझी चूक हितंच झाली. आकडा लई वर ठेवला. ओढ खालनं असली की तोंड उचलत न्हाय.” मग म्हणाले, “दगड असू देत तरी. आणि साडीचा काचा नीट मार, चाकात जाईल.”

मला रडू आलं. त्यांनाही आलं. सिदू बैलांना पाणी दाखवायला म्हणून निघून गेला.

सासूबाई आता माझ्याशी बोलत नाहीत. लोक बोलतात. आणि मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. नांगर जरा अडला की पाय आधी क्लचवर जातो. तरी उद्या उजाडताच जाणार आहे. हे बांधावर बसणार आहेत.

तू ये, दाजींना भेट, त्यांना बरं वाटेल. मला न्यायला मात्र येऊ नकोस.

तुझी अक्का,
गौरम्मा